बापाने सोडलेले मुलाचेही सुटते काय?

घरातला कर्ता पुरुष भर उमेदीत देवाच्या नावाने काही सोडतो. कोणी जमिनीचा तुकडा देवळाला लावून देतो, कोणी आपला वाटा भावाला देऊन मोकळा होतो, कोणी अमुक धंदा उभ्या जन्मात करणार नाही असा निश्चय करतो. त्याच्यापुरते ते ठीकच असते. त्याने आधी भोगले, मग पाहिले, मग सोडले. त्या सोडण्यात त्याला गोडी असते. पुढे तो जातो आणि मुलगा मागे राहतो. त्या मुलाने काहीच सोडलेले नसते. बापाने सोडलेले आपल्याला मिळाले नाही, एवढेच त्याला ठाऊक असते. तर बापाच्या सोडण्याने मुलाचेही सुटले काय? आणि मुलाने उद्या ते परत मागितले तर त्याला आपण लोभी म्हणायचे की आपला हक्क सांगणारा म्हणायचे?

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. शास्त्राने याचे उत्तर एक येईल, कोर्टात दुसरे येईल, आणि संध्याकाळी ओसरीवर बसलेली चार माणसे तिसरेच देतील. म्हणून आम्ही आज वाचकांपुढे एका लहानशा गावाची हकीकत ठेवणार आहोत. गाव आपल्याकडचे नाही, अमेरिकेतल्या ओहायो प्रांतातले आहे. तिथल्या माणसांचा धर्म ख्रिस्ती, भाषा जर्मन, अंगात थंड मुलखाचे जाड कपडे. पण जो प्रश्न आम्ही वर मांडला, तो त्या गावाने एकोणऐंशी वर्षे अंगावर वागवला. तेव्हा परके म्हणून बाजूला सारण्यासारखी ही गोष्ट नाही.

गावाचे नाव झोआर. जर्मनीच्या नैर्ऋत्येला व्युर्टेम्बर्ग नावाचे राज्य होते. तिथे लूथरच्या मताचा राजमान्य धर्म चाले. देऊळ सरकारचे, धर्मगुरू सरकारचा, आणि शाळाही त्यांच्याच हातातली. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या काही साध्या माणसांनी, विणकर, शेतकरी, मोलमजुरी करणारे असे हे लोक, या सगळ्यापासून अंग काढून घेतले. म्हणून त्यांना विलग झालेले, त्यांच्या भाषेत सेपरेटिस्ट, म्हणू लागले. देव आणि माणूस यांच्यामध्ये पगारी मध्यस्थ कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल. बाप्तिस्म्याचा विधी त्यांना नको, लग्नाला धर्मगुरू नको, शपथ घेणे नको. तलवार हाती धरायची नाही, म्हणून सैन्यात जायचे नाही. सरकारी शाळेत मुले घालायची नाहीत. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे अंमलदारापुढे डोक्यावरची टोपी काढायची नाही आणि त्याला आदरार्थी बोलायचे नाही. जर्मन भाषेतही आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘आपण’ असे दोन प्रकार आहेत. ही माणसे राजाच्या अधिकाऱ्यालाही ‘तू’ म्हणत. देवाला ज्या शब्दाने हाक मारतो त्याहून मोठा शब्द माणसाला कुठून आणायचा, असा विचार करून पाहिला तर त्यात उर्मटपणा दिसत नाही. पण अंमलदाराला तेवढा विचार करायला सवड कुठली? दंड झाले, मालमत्ता जप्त झाली, कित्येकांना तुरुंगवास घडला.

अखेर १८१७ साली त्यांनी देश सोडला. क्वेकर म्हणून इंग्लंडात आणि अमेरिकेत एक शांतताप्रिय पंथ आहे, त्या लोकांनी वाटखर्चाला आणि पुढे फिलाडेल्फियात उतरल्यावर मोठा हात दिला. ऑगस्ट महिन्यात हे लोक तिथे पोहोचले. त्यांचे पुढारी जोसेफ बिमेलर हे मूळचे विणकर, पुढे शिक्षकी केलेले गृहस्थ. पायाने अधू, पण वाणीत विलक्षण ओढ. त्यांच्या नावावर टस्करावस नदीच्या खोऱ्यात सुमारे साडेपाच हजार एकर जंगल विकत घेतले गेले. दर एकरी तीन डॉलर. रोख पैसे थोडे दिले, बाकी सारे कर्ज.

बिमेलर आणि काही धडधाकट माणसे त्याच वर्षी पुढे गेली, आणि डिसेंबरच्या आरंभी ओंडक्यांची पहिली झोपडी उभी राहिली. इतर मंडळी पुढल्या वसंतात आली. बायबलात लोट नावाचा पुरुष जळत्या नगरातून पळतो आणि एका चिमुकल्या गावात आसरा घेतो. त्या गावाचे नाव झोआर. तेच नाव यांनी आपल्या वस्तीला दिले.

इथवरची हकीकत अशा पुष्कळ वसाहतींची असते. छळ झाला, समुद्र ओलांडला, जंगल तोडले. आम्हांला जे सांगायचे आहे ते यापुढे आहे.

हे लोक जेव्हा आले तेव्हा सगळे समाईक ठेवायचे असा त्यांचा बेत मुळीच नव्हता. ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे जमिनीचा तुकडा घ्यावा, आपल्या हिश्शाचे कर्ज आपण फेडावे, आणि शेजारी राहून भजन एकत्र करावे, एवढाच विचार होता. पण एक-दोन हिवाळे गेले आणि हिशेब उघडा पडला. त्यांच्यात म्हातारे पुष्कळ होते. विधवा होत्या. वाटेत आणि तुरुंगात शरीराने खचलेले होते. धडधाकट माणूस आसपासच्या शेतांवर मजुरी करून आपला हप्ता उभा करू शके. म्हातारी काय करणार? तिच्या वाट्याची जमीन जाणार, आणि जमीन गेली की तीही जाणार. म्हणजे ज्यांनी मायदेशी दंड भरताना एकमेकांना सोडले नाही, ते इथे हप्ता भरताना एकमेकांना सोडणार, अशी वेळ आली.

तेव्हा १८१९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी एक कागद केला. आपले जे आहे आणि पुढे जे मिळवू ते सर्वांचे, कोणाचे वेगळे काही नाही, कर्जही सर्वांचे. त्यावर ५३ पुरुषांनी आणि १०४ स्त्रियांनी सह्या केल्या. वाचकांनी या आकड्यांपाशी घटकाभर थांबावे. पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट स्त्रिया. पुढे कारभारी निवडताना या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत होते. अमेरिकेत स्त्रीला देशभर मताचा अधिकार मिळाला तो १९२० साली, म्हणजे यानंतर एक शतकाने.

आता कोणी म्हणेल, यात परमार्थ कुठे आला? कर्ज फिटत नव्हते म्हणून केलेली ही तडजोड. पोटाच्या सोयीला धर्माचे नाव दिले, झाले. हा आक्षेप पोकळ नाही. पण आम्हांला तो पटत नाही. कारण गरज कोणाची होती ते पाहिले पाहिजे. म्हाताऱ्याची गरज होती खरी, पण सही करणाऱ्या तरुण गड्याची नव्हती. त्याचे दंड भरलेले होते, मनगट शाबूत होते, जमीन स्वस्त होती. तो एकटा सुखाने राहिला असता. आपल्या नफ्याचे गणित बाजूला ठेवून त्याने म्हातारीचे ओझे आपल्या खांद्यावर घेतले. आणि हे कुणा उपदेशकाच्या भरीस पडून केले नाही. समोर म्हातारी दिसत होती म्हणून केले. आम्ही तर म्हणू की आधी सिद्धांत आणि मग आचार अशा क्रमाने जे येते, त्यापेक्षा हे अधिक खरे. असो.

मग गावाचा गाडा सुरू झाला. घरांना नावे नव्हती, नुसते क्रमांक. एका घरात दोन-तीन कुटुंबे, शिवाय एकटीदुकटी माणसे. भाकरी गावच्या भट्टीतून यायची, दूध गावच्या गोठ्यातून, कपडालत्ता आणि इतर जिन्नस गावच्या कोठारातून. गिरण्या झाल्या, लोकर विणण्याचा कारखाना झाला, कातडी कमावणे, लोखंड गाळण्याच्या भट्ट्या. जवाची बिअर काढण्याचीही सोय होती, हे वाचून आमच्या माळकरी वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, पण जे होते ते लपवून काय उपयोग? गावाच्या मध्यावर एक मोठी बाग केली होती. बागेच्या मधोमध स्प्रूसचा वृक्ष म्हणजे ख्रिस्त, भोवती बारा जुनिपरची झाडे म्हणजे त्याचे बारा शिष्य, आणि तिथून सगळीकडे जाणाऱ्या पायवाटा. विधी टाकलेल्या त्या माणसांनी आपले देऊळ मातीत लावले होते म्हणायला हरकत नाही.

कर्ज फिटले ते कालव्याने. ओहायोतून एक मोठा कालवा काढायचे सरकारने ठरवले, आणि तो यांच्याच जमिनीतून जात होता. यांनी आपल्या हद्दीतला सुमारे सात मैलांचा तुकडा खणण्याचा मक्ता घेतला. बायका आणि पुरुष, दोघेही चिखलात उतरले. त्या कामाचे २१,००० डॉलर मिळाले. जमिनीचे देणे वारले, आणखी जमीन घेतली. १८३२ साली ओहायोच्या विधिमंडळाने त्यांच्या संस्थेला कायदेशीर मान्यता दिली.

या कष्टाच्या काळातच, १८२२ पासून काही वर्षे, त्यांनी लग्न बंद ठेवले होते. बाया बाळंतपणात गुंतल्या तर काम कोण करणार, हे एक कारण. ब्रह्मचर्य श्रेष्ठ ही समजूतही होती. त्याच दशकाच्या अखेरीस बंधन सैल झाले, आणि बिमेलर यांनी स्वतःच लग्न केले. मुले झाली तेव्हा तिसऱ्या वर्षी मूल आईपासून काढून बालगृहात ठेवायचे, अशी रीत बरीच वर्षे चालली. मुलींचे घर वेगळे, मुलग्यांचे वेगळे. आया कामाला मोकळ्या व्हाव्या हा हेतू. आम्हांला ही रीत कधीच योग्य वाटणार नाही. समाईक गोठा ठीक, समाईक भट्टी ठीक. पण आईची कूस समाईक करता येत नाही. गावातल्या आयांनाही ते वाटलेच असणार, कारण पुढे ही सक्ती गेली आणि मग ती घरेही बंद पडली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

१८१९ च्या कागदावर सही करणाऱ्यांत योहान गोझेले नावाचा एक सभासद होता. १८२४ साली कागद पुन्हा झाला, त्यावरही त्याची सही आहे. १८२७ साली तो सभासद असतानाच वारला. पुढे त्याच्या वारसांनी दावा लावला की गाव आता श्रीमंत आहे, त्यात आमच्या माणसाचे श्रम आहेत, जमीन बिमेलरच्या नावावर आहे, तेव्हा आमचा हिस्सा तोडून द्या. दावा खालून वर चढत चढत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८५२ साली निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की गोझेले याने आपली स्वतंत्र मालकी राजीखुशीने सोडली होती. त्याच्यापाशीच जे उरले नव्हते ते वारसांना कुठून मिळणार? बिमेलर यांच्या सचोटीबद्दलही न्यायालयाने चांगले उद्गार काढले. वारस हात हलवत परत गेले.

कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनतोड आहे. जे माझे नाही ते मी देऊ शकत नाही, आणि जे मी देऊन टाकले ते माझे राहत नाही. गोझेलेने आपले दिले, संपले. पण वाचकहो, प्रश्न संपला काय? गोझेलेच्या वारसांचा सुटला असेल. जे वारस गावातच जन्मले, गावातच वाढले, त्यांचे काय? बाप आपली जमीन देऊ शकतो. मुलाची राजीखुशी तो कशी देणार? ती त्याच्या पेटीतली वस्तू नव्हे.

झोआरच्या जुन्या मंडळींना हे कळत नव्हते असे नाही. त्यांची अक्कल इथे दिसते. सभासद दोन पायऱ्यांचे होते. आधी किमान एक वर्ष उमेदवारी, मग पुरती दीक्षा. आणि हा नियम बाहेरून येणाऱ्यालाच नव्हे, गावात जन्मलेल्या मुलांनाही लागू. वयात आल्यावर मुलाने स्वतः अर्ज करायचा, स्वतः सही करायची. वडिलांचे सभासदत्व मुलाला आपोआप मिळत नसे. किती धर्मसंस्थांनी एवढा विवेक दाखवला आहे? जन्माने आलेल्यावर आमचा हक्कच आहे, असे मानणारेच जगात अधिक.

पण कागदावर निवड ठेवली म्हणजे निवड झाली असे नाही. ज्या मुलाने गावाबाहेरचे जग पाहिले नाही, ज्याची भाषा जर्मन आणि भोवतालचा मुलूख इंग्रजी, ज्याच्या खिशात स्वतःचा डॉलर कधी पडला नाही, आणि पुरती दीक्षा घेऊन नंतर निघाला तर हक्क म्हणून ज्याला काही मिळायचे नाही, त्याने सही केली तर ती कशाची सही म्हणावी? श्रद्धेची की सवयीची? त्याच्या बापाने दोन गोष्टी समोर ठेवून एक उचलली होती. मुलापुढे एकच गोष्ट होती आणि तिच्याखाली रेघ मारलेली जागा होती.

कोणी म्हणेल, मग दोष मुलांचा नाही आणि बापांचाही नाही, काळाचा आहे. अशा वेळी काळाला पुढे करणे फार सोयीचे असते. आम्ही तसे करणार नाही. या गावात काहीतरी मोडले, आणि ते कधी मोडले ते दाखवता येते.

१८३४ साली गावात पटकी आली. पन्नासाहून अधिक माणसे गेली. एवढ्याशा गावात हा केवढा घाला! हात कमी पडले. शेते पिकलेली, भट्ट्या पेटलेल्या, गिरण्या फिरत्या. तेव्हा बाहेरून मजूर आणले. अडचणीच्या वेळी मजूर लावणे यात पाप काहीच नाही. पण ती वेळ निघून गेली तरी मजूर गेले नाहीत. पुढे तीच रीत झाली. शेजारच्या वाफ्यात एक गडी खुरपतो तो सभासद, त्याला भाकरी कोठारातून, म्हातारपणाची चिंता नाही. दुसरा गडी तेच खुरपे तसेच चालवतो, त्याला संध्याकाळी मजुरी, आणि पाठ दुखायला लागली की वाट मोकळी. दोघेही घाम गाळतात. एकाचा घाम समाईक झाला, दुसऱ्याचा विकत घेतला गेला.

१८१९ मध्ये त्यांच्यापुढे जो प्रश्न आला होता, तोच हा. दुबळ्याला बरोबर घ्यायचे की वाऱ्यावर सोडायचे? त्या वेळी कर्जाचा डोंगर डोक्यावर असून त्यांनी म्हातारीला बरोबर घेतले. या वेळी कर्ज फिटलेले, कोठारे भरलेली, आणि दारात उभ्या मजुराला त्यांनी मजूरच ठेवले. सभासद व्हायचे दार उघडे होते, अर्ज करायला कोणी बंदी केली नव्हती, हे खरे. पण म्हातारीला अर्ज करायला कोणी सांगितले होते काय?

मुले हे पाहत होती. मूल कागद वाचत नाही, ते मोठ्यांच्या हाताकडे पाहते. सगळे सर्वांचे, असे बापाने तोंडाने सांगितले आणि हाताने मजुराचे पैसे मोजले. यातून मुलाने काय शिकावे? त्याला समाईकपणा म्हणजे आपल्या कुंपणाआतली एक वहिवाट वाटली, आणि वहिवाट सोयीची असेल तोवर चालते.

याच काळातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८३५ साली गावाने दोन मजली, विटांचे, ऐसपैस घर बांधले. क्रमांक एकचे घर. हेतू असा की थकलेल्या म्हाताऱ्यांनी तिथे सुखाने राहावे. म्हातारे गेलेच नाहीत! त्यांना आपापली जुनी, कोंदट घरे आणि तिथली माणसे हवी होती. मग त्या घरात बिमेलर आणि आणखी कुटुंबे राहायला गेली, आणि बाहेरून येणारे पाहुणे त्याला पुढाऱ्याचा वाडा म्हणू लागले. म्हाताऱ्यांना कोणी विचारले नव्हते, असे दिसते. त्यांच्यासाठी करताना त्यांच्यापासूनच दूर गेले. प्रेम होते, पण ते आता व्यवस्था झाले होते.

बिमेलर १८५३ साली वारले. ते आयत्या वेळी, टिपण न काढता प्रवचन करीत. एका तरुणाचे वडील बहिरे होते. बापाला सभेतले काही ऐकू येत नाही म्हणून हा मुलगा प्रवचन लिहून घेई आणि घरी नेऊन दाखवी. बिमेलर यांच्या मागे ती सगळी लिखाणे गावानेच छापली, आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे रविवारच्या सभेत तीच वाचून दाखवत राहिले. नवा बोलणारा कोणी झाला नाही. बहिऱ्या बापासाठी मुलाने जे आस्थेने लिहिले, ते ऐकू येणाऱ्यांच्या कानावर वर्षानुवर्षे पडत राहिले, आणि सभेला येणारे कमी कमी होत गेले. त्या मुलाची लेखणी चालत होती ती समोर बाप होता म्हणून. वाचणाऱ्याच्या समोर कोण होते?

इकडे गावाला संपत्ती आली, खाणावळ आणि उतरायची सोय झाली, शहरातले लोक हवा खायला येऊ लागले. १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात शस्त्र न धरण्याचे व्रत असलेल्या या गावातून काही तरुण आपण होऊन सैन्यात गेले. गुलामगिरी हा अन्याय आहे असे त्यांना वाटे, आणि बापाचे व्रत त्यांना अडवू शकले नाही. आम्ही शस्त्राचे भोक्ते नाही. तरी एवढे म्हणू, की झोआरच्या मुलांनी बापांसारखे काही केले असेल तर ते हेच. बापांनीही राजमान्य मत झुगारून मनाची साक्ष मानली होती. १८७० नंतर चार्ल्स नॉर्डहॉफ नावाचे लेखक या गावी येऊन गेले. अमेरिकेतल्या अशा समाईक वसाहती पाहून १८७५ साली त्यांनी मोठे पुस्तक काढले. गाव सधन होते, पण तिथल्या मरगळीने ते काही फारसे प्रसन्न झाले नाहीत.

शेवट आतूनच आला. १८९५ च्या डिसेंबरात गावातल्या शाळेच्या एका शिक्षकाने ‘नुगिट्ना’ नावाचे छोटे वर्तमानपत्र काढले आणि संस्था मोडा, वाटण्या करा, असे लिहू लागला. त्याचे नाव लेव्ही बिमेलर. होय, त्याच बिमेलरांच्या वंशातला! वडीलधाऱ्यांनी दडपण आणले, चार अंकांत पत्र बंद पडले. पण बोललेले शब्द परत घशात जात नाहीत. १८९८ साली सभासदांनी संस्था विसर्जित करण्याचे ठरवले. जमिनीची मोजणी झाली, तुकडे पडले, घरे वाटली गेली, आणि दोनशेच्या वर माणसांच्या त्या गावात पहिल्यांदाच कुणाला म्हणता आले, हे माझे.

लेव्हीला कुलांगार म्हणणारे त्या वेळी होते, आजही निघतील. आमचे मत वेगळे आहे. तो जे म्हणाला ते उघड म्हणाला, आपले नाव घालून म्हणाला. मनातून सुटलेले असताना तोंडाने धरून बसणाऱ्या शंभर जणांपेक्षा तो प्रामाणिक. मात्र एका गोष्टीचे आम्हांला वाईट वाटते. वाटणीच्या दिवशी ज्यांनी पुरती दीक्षा घेतली होती त्यांना पुरता वाटा मिळाला. ज्यांनी त्या शेतांवर वर्षानुवर्षे मोलाने काम केले, त्या मजुरांचे नाव वाटणीत कशाला येईल? न्यायाने त्यांचे काही निघत नव्हते. पण १८१९ च्या त्या म्हातारीचे तरी न्यायाने काय निघत होते?

याच्या उलट बाजूही आहे, ती सांगितली पाहिजे. शेजारच्या पेनसिल्व्हानियात हार्मनी म्हणून व्युर्टेम्बर्गच्याच लोकांची दुसरी समाईक वसाहत होती. त्यांनी ब्रह्मचर्य घेतले ते १८०७ पासून, आणि अखेरपर्यंत सोडले नाही. त्यांना बापाच्या त्यागाचा आणि मुलाच्या हक्काचा प्रश्न पडला नाही, कारण मुलेच नव्हती. अफाट संपत्ती मागे ठेवून १९०५ साली तीही संस्था संपली. झोआरने मुलांना जन्म दिला, त्यांना सहीची मुभा दिली, आणि त्या मुभेचा शेवट जो व्हायचा तो सोसला. दोहोंत आम्हांला झोआरचा शेवट अधिक माणसाळलेला वाटतो.

आम्हांला कोणी विचारले, की मग बापाने सोडलेले मुलाने परत मागितले तर? आम्ही आधी उलट विचारू: बापाने ते कोणासाठी सोडले होते? आणि ज्याच्यासाठी सोडले तो आज दारात आला, तर त्या घरात त्याला ओळखतात काय?

झोआर गाव अजून आहे. वस्ती दोनशेच्या आत. टस्करावस नदीवर १९३० च्या दशकात पूर आवरण्यासाठी डोव्हर येथे धरण झाले, त्याच्या फुगवट्याने गाव बुडू नये म्हणून भोवती मातीचा बांध घातला. अलीकडे त्या बांधातून पाणी झिरपू लागले. बांध काढून गावच हलवायचे की काय, असाही विचार सरकारी अभियंत्यांच्या खात्यात चालला होता. वाटण्या झालेल्या त्या गावाचे लोक पुन्हा एकत्र जमले, त्यांनी दाद मागितली, आणि २०१३ साली तो विचार सोडून बांध राखण्याचे ठरले. १८५३ साली बांधलेल्या सभागृहात रविवारी अजून उपासना भरते. क्रमांक एकच्या घरात आता संग्रहालय आहे, तिकीट काढून लोक ते पाहतात.